मु. पो. डॉट-ईमॅक्स

माझ्या कंप्युटरवरची सगळ्यात जुनी, अजून रोज वापरात असलेली फाइल साधारण सातशे ओळींची आहे. तिच्यात गोष्ट नाही, हिशेब नाहीत, फोटो तर नाहीतच. मी ज्या एडिटरमध्ये लिहिते त्यानं माझ्याशी कसं वागावं, एवढंच तिच्यात आहे. तिच्या आयुष्यात पाच लॅपटॉप झाले, तीन नोकऱ्या झाल्या. फाइल तीच राहिली. मजकूर हळूहळू बदलत गेला, पण त्याहून जास्त वेळा बदलला तो तिचा पत्ता. ही फाइल ठेवायची कुठे, हा प्रश्न कुठलं भांडं कुठल्या फडताळात ठेवायचं इतकाच किरकोळ वाटतो. अर्थात ज्यांच्या स्वयंपाकघरात दोन पिढ्या एकत्र नांदल्या आहेत, त्यांना भांड्यांच्या जागेवरून काय काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्यांसाठी थोडी ओळख. एडिटर म्हणजे इथे संपादक नव्हे, तर नुसता मजकूर लिहायचं साधन. ठळक-तिरपं नाही, समास नाहीत, अक्षरं तेवढी. प्रोग्राम लिहिणारी माणसं दिवसाचे सात-आठ तास त्यात असतात. या जमातीतले दोन ज्येष्ठ म्हणजे ईमॅक्स आणि व्हीआय. दोघांचाही जन्म १९७६च्या आसपासचा. व्हीआय बिल जॉय यांनी लिहिला. त्याचा आज वापरात असलेला वारस व्हिम, तो ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांच्या हाती दिला. मी वापरते तो ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांचा, १९८५चा. दोघांची खासियत अशी की जसे मिळतात तसे ते फार थोडे लोक वापरतात. कुठली कळ दाबली की काय व्हावं, ओळ किती आत सरकावी, कुठल्या लिपीला कुठला फॉन्ट असावा, हे ज्याचं त्यानं आपापल्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. ईमॅक्सच्या बाबतीत तर ही फाइल म्हणजे नुसती सेटिंगची यादीही नसते. तो लिस्प भाषेतला खराखुरा प्रोग्राम असतो. ईमॅक्स सुरू करताना आधी तो चालतो आणि मग तुमच्यासमोर कोरं पान येतं.

तर ही फाइल कुठे ठेवायची? युनिक्सच्या जगातलं जुनं उत्तर होतं: घरात. तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला एक 'होम' फोल्डर मिळतो. त्यात फाइल ठेवायची आणि नावाच्या आधी एक टिंब द्यायचं. डॉट-ईमॅक्स, डॉट-व्हिमआरसी. टिंब असलं की फोल्डरची साधी यादी मागितल्यावर ती फाइल दिसत नाही. ही सोय कुणी विचारपूर्वक केली असेल असं वाटतं, पण तसं नाही. युनिक्सच्या घडणीत सहभागी असलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली याची हकिगत लिहिली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये 'मी स्वतः' आणि 'माझा वरचा फोल्डर' अशा अर्थाच्या दोन नोंदी असतात; एकीचं नाव एक टिंब, दुसरीचं दोन टिंबं. यादीत त्या दिसू नयेत म्हणून यादी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक सोपी तपासणी घातली गेली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळा. त्यामुळे टिंबानं सुरू होणारं कुठलंही नाव वगळलं जाऊ लागलं. मग लोकांनी त्या फटीत आपापलं सामान सरकवायला सुरुवात केली. नावाच्या शेवटी येणारं 'आरसी'ही असंच जुनं: १९६०च्या दशकात एमआयटीतल्या सीटीएसएस या प्रणालीवर आज्ञांची यादी ओळीनं चालवायची 'रनकॉम' नावाची सोय होती, तिचं ते लघुरूप.

दिसत नाही म्हणून कुणी आवरत नाही. माळ्यावरच्या सामानाचं जे होतं तेच होम फोल्डरचं झालं. जो प्रोग्राम येईल तो एक टिंबवाली फाइल टाकून बसायचा. एकदा मी माझ्या फोल्डरमधल्या असल्या नोंदी मोजल्या तर त्र्याण्णव निघाल्या. त्यातल्या निम्म्या कुणाच्या, त्या काढल्या तर काय बंद पडेल, हे सांगता येईना. काही तर असे प्रोग्राम मागे ठेवून गेले होते, जे मी कधीच काढून टाकले होते.

यावर २००३ साली फ्रीडेस्कटॉप-डॉट-ऑर्ग या गटानं एक नियमावली काढली. तिला एक्सडीजी म्हणतात. तिचं म्हणणं थोडक्यात असं: घरात कुठेही सामान टाकू नका, प्रकारानुसार खण ठरवून घ्या. आवडीनिवडी, म्हणजे कॉन्फिग, 'डॉट-कॉन्फिग'मध्ये. प्रोग्रामला कायम लागणारा डेटा 'डॉट-लोकल'खालच्या 'शेअर'मध्ये. जे पुन्हा तयार करता येईल, हरवलं तरी चालेल, ते 'डॉट-कॅश'मध्ये. पुढे २०२१ साली चौथा खण आला, 'स्टेट': म्हणजे काल कुठवर आलो होतो, कुठल्या फाइल उघडल्या होत्या, असली चालू आठवण.

नियम करणं सोपं, जुन्या मंडळींना हलवणं अवघड. २०१४ साली व्हिममधून फुटून निघालेला निओव्हिम तरुण होता, त्यानं ही व्यवस्था सुरुवातीच्या काळातच स्वीकारली. ईमॅक्सनं ती ऑगस्ट २०२०मध्ये आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीत घेतली. व्हिमला २०२४ साल उजाडावं लागलं. तोवर मोलेनार आपल्यात नव्हते, ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले. या उशिराला आळस म्हणणं बरोबर नाही. ज्या पत्त्यावर असंख्य लोकांनी वीस-तीस वर्षं आपलं सामान ठेवलंय, तो पत्ता एका सकाळी रद्द करता येत नाही. म्हणून या एडिटरांनी नवा पत्ता मान्य केला, पण जुना आधी बघायची सवय ठेवली. ईमॅक्स सुरू होताना घरात डॉट-ईमॅक्स फाइल किंवा 'डॉट-ईमॅक्स-डॉट-डी' हा फोल्डर आहे का ते पाहतो. दोन्ही नसतील तरच डॉट-कॉन्फिगकडे वळतो. आपण नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तरी पोस्टमननं आधी जुन्या वाड्याची कडी वाजवावी आणि तिथे कुणीही दार उघडलं तर पत्र त्याच्या हातात द्यावं, तसं. एखादं जुनं पॅकेज न विचारता डॉट-ईमॅक्स-डॉट-डी फोल्डर पुन्हा तयार करतं, आणि दुसऱ्या दिवशी ईमॅक्स अगदी अनोळखी चेहऱ्यानं उघडतो. फाइल जागेवर असते, तिच्यातली एकही ओळ बदललेली नसते, फक्त तिच्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

मी मुक्काम हलवला तो याच सत्ताविसाव्या आवृत्तीच्या वेळी. त्याच आवृत्तीत अक्षरं जोडण्याचं काम प्रामुख्यानं हार्फबझ या इंजिनाकडे आलं होतं. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या नीट बसवायच्या तर असं इंजिन लागतं. मराठी लिहिणाऱ्या माणसाला नव्या आवृत्तीत रस असायला तेवढं कारण पुरेसं होतं. नवं घर घ्यायचंच आहे तर सामान लावून टाकू, असं म्हणून मी डॉट-ईमॅक्स-डॉट-डीमधलं सगळं बाहेर काढलं.

तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला 'माझी कॉन्फिग' म्हणत होते, त्या फोल्डरमधलं फारच थोडं मी लिहिलेलं होतं. बहुतेक जागा उतरवून घेतलेल्या पॅकेजेसनी व्यापली होती. ती इंटरनेटवरून केव्हाही पुन्हा येतील. मग अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, शोधलेल्या शब्दांचा इतिहास, प्रत्येक फाइलमध्ये कर्सर कुठे होता त्याची नोंद. ही आठवण ईमॅक्सनं आपणहून माझ्याबद्दल ठेवलेली. आणि माझ्या मुख्य फाइलच्या तळाशी एक लांबलचक मजकूर, जो मी लिहिलेलाच नव्हता. ईमॅक्समध्ये मेन्यूतून काही बदललं की तो ती निवड तुमच्याच फाइलच्या शेवटी लिहून ठेवतो. वर सूचना असते की हा भाग हातानं बदलाल तर गडबड होऊ शकते. आपल्या वहीत दुसऱ्यानं लिहावं आणि वर आपल्यालाच 'हात लावू नका' म्हणावं! हा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये पाठवायची सोय आहे. एका ओळीचं काम. ती ओळ घातली त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये फक्त माझं अक्षर आहे.

तेव्हा जागेचा प्रश्न सोडवायचा तर आधी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हे कुणी लिहिलं, आणि हरवलं तर परत कुणाकडे मागायचं? पॅकेज हरवलं तर ते पुन्हा उतरवता येतं. उघडलेल्या फाइलींची यादी हरवली तर दोन दिवस चुकल्यासारखं होतं, मग नवी तयार होते. मी लिहिलेल्या सातशे ओळी हरवल्या तर मागायला कुणी नाही. एक्सडीजीचे खण मला आवडतात ते घर नीटनेटकं दिसतं म्हणून नव्हे. ते ही वर्गवारी करायला भाग पाडतात म्हणून.

पण काही गोष्टी कुठल्याच खणात बसत नाहीत, आणि नेमक्या त्याच सगळ्यात मोलाच्या निघतात. ईमॅक्समध्ये लघुरूपांची सोय आहे: दोन-तीन अक्षरं लिहिली की पूर्ण शब्द उमटतो. ही लघुरूपं एका स्वतंत्र फाइलमध्ये साठतात. ती फाइल लिहितो प्रोग्राम, पण शिकवलेली असते मी. तसाच शुद्धलेखन तपासणीचा खासगी शब्दकोश. ही तपासणी करणारा अस्पेल हा ईमॅक्सबाहेरचा प्रोग्राम आहे. तो त्याला अनोळखी शब्दाखाली रेघ ओढतो. आपण 'हा शब्द बरोबर आहे' म्हटलं की तो शब्द घरातल्या एका टिंबवाल्या फाइलमध्ये जाऊन बसतो. मी गेली काही वर्षं गावाकडच्या बोलण्याची टिपणं करते आहे. 'व्हतं', 'न्हाय', 'म्होरं' असे शब्द एकेक करून मी त्याला बरोबर म्हणून सांगत आले. आडनावं, वाड्या-वस्त्यांची नावं, शेतांची नावं. आज त्या फाइलमध्ये दोन हजारांवर शब्द आहेत. याला कॉन्फिग म्हणायचं, डेटा म्हणायचं की स्टेट? नियमाप्रमाणे बहुधा डेटा. कंप्युटरच्या दृष्टीनं ती एक छोटीशी मजकुराची फाइल आहे. माझ्या दृष्टीनं, घराला आग लागली तर मी आधी उचलीन ती वस्तू.

इथवरचा सगळा विचार 'घर आपलं आहे' असं धरून झाला. होम फोल्डर म्हटलं की तसं वाटतंच. पण नोकरी करणाऱ्या माणसाचा होम फोल्डर बहुतेकदा भाड्याच्या घरात असतो, आणि किल्ली दुसऱ्याकडे असते.

ईमॅक्स मला शिकवला तो पहिल्या नोकरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. वयानं फार मोठे नव्हते, पण टीममध्ये सगळे त्यांना काका म्हणायचे. २००९ साली त्यांनी आपली डॉट-ईमॅक्स फाइल मला पेनड्राइव्हवर दिली होती. तीनशे ओळी असतील. त्यातल्या निम्म्या त्यांनाही दुसऱ्या कुणाकडून मिळालेल्या. ही देवाणघेवाण या जमातीत सर्रास चालते. कुणाची फाइल पहिल्या अक्षरापासून स्वतःची असेल असं मला वाटत नाही. पुढे मी नोकरी बदलली, त्यांनीही बदलली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा फोन आला. आदल्या दिवशी त्यांच्या कंपनीनं बऱ्याच जणांना कमी केलं होतं. साडेनऊला मेल आली आणि दहाच्या आत लॅपटॉप दुरून कुलूपबंद झाला. वर्षानुवर्षांचं काम कंपनीचं होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. करारानुसार लॅपटॉपवरचं सगळंच कंपनीचं होतं, आणि सगळ्यात त्यांची ती फाइलही आली.

"माझी फाइल तुझ्याकडे असेल का गं?"

"तुम्ही दिली होती ती आहे, काका. दोन हजार नऊची."

"ती चालेल. नाही तर आता हात बांधल्यासारखं झालंय."

मी त्यांना दोन फाइल पाठवल्या. एक त्यांनी दिली होती तशीच. ती आज चालवली तर ईमॅक्स कुरकुर करतो, कारण तिच्यात लिस्पचा एक जुना संच वापरला आहे, ज्याला सत्ताविसाव्या आवृत्तीपासून निवृत्त मानलं जातं. दुसरी माझी आजची. त्यांच्याकडून आलेल्या तुकड्यांवर मी त्या वेळी टीप म्हणून 'काका' एवढं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे ते शोधणं सोपं गेलं. त्या ओळी मी वेळोवेळी नव्या आवृत्त्यांप्रमाणे दुरुस्त केल्या होत्या, काहींमध्ये माझी भर होती. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. माझ्या फाइलमधल्या चाळीसेक ओळी त्यांनी घेतल्या होत्या, बाकी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करणार होते. 'बरंच सामान उगाच होतं,' असं त्यांनी लिहिलं होतं.

ही मोडकी का होईना, पण जी प्रत वाचली, ती कुठल्याही नियमावलीतल्या जागेमुळे वाचली नव्हती. ती दुसऱ्या माणसाकडे होती म्हणून वाचली.

त्यानंतर मी माझ्या व्यवस्थेत एक भिंत घातली. माझ्या ओळी आता एका फोल्डरमध्ये गिटखाली आहेत. गिट म्हणजे प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणारं साधन. तो फोल्डर माझ्या स्वतःच्या कंप्युटरवर आहे आणि त्याची प्रत माझ्या खासगी खात्यावर. डॉट-कॉन्फिगमध्ये जे दिसतं ते खरं तर तिकडे बोट दाखवणारे दुवे. जुन्या पाकिटांवर 'द्वारा अमुक' लिहायचे तसे. असे दुवे मांडून द्यायला ग्नू स्टो नावाचा छोटा प्रोग्राम आहे. कंपनीच्या कामापुरत्या ज्या ओळी लागतात, सर्व्हरची नावं, तिथल्या प्रकल्पांच्या खुणा, त्या एका वेगळ्या 'लोकल' फाइलमध्ये. ती गिटमध्ये जात नाही आणि नोकरी सोडताना तिथेच राहते. त्यांचं त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे. पासवर्ड दोन्हीकडे नाहीत. लोक आपल्या कॉन्फिग कौतुकानं जगजाहीर करतात आणि त्यात किल्ल्याही टांगलेल्या असतात, असे प्रकार कमी नाहीत. ईमॅक्ससाठी पासवर्डची फाइल वेगळी आणि कुलूपबंद ठेवता येते. ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं काही आणू द्यायचं की नाही, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारते. एका ठिकाणी 'नाही' म्हणाले. तिथे कोऱ्या ईमॅक्समध्ये काम केलं.

एक जागा उरते: प्रकल्पाचा स्वतःचा फोल्डर. ओळ दोन जागा सोडून सुरू करायची की चार, टॅब वापरायचा की स्पेस, यावर माझं मत ठाम आहे, पण दहा जणांच्या कामात त्याला किंमत नाही. ते प्रकल्पाचं आहे आणि प्रकल्पाबरोबरच राहायला हवं. त्यासाठी 'डॉट-एडिटरकॉन्फिग' नावाची फाइल असते, जी वेगवेगळे एडिटर वाचू शकतात. निओव्हिम २०२३पासून आणि ईमॅक्स तिसाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५पासून, कुठलीही जोड न देता वाचतो. मात्र दुसऱ्याच्या फोल्डरमधून सूचना घेताना एडिटर सावध असतो, आणि असायलाच हवा. व्हिममध्ये चालू फोल्डरमधली कॉन्फिग वाचायची सोय मुळातच बंद असते. ईमॅक्स धोक्याची वाटणारी सूचना पाळण्याआधी विचारतो. २०१९ साली तर असं उघड झालं होतं की व्हिम आणि निओव्हिममध्ये एखादी साधी मजकुराची फाइल नुसती उघडली तरी तिच्यात दडवलेली आज्ञा चालू शकते. ती फट मग बुजवण्यात आली. कॉन्फिग हा प्रोग्राम असतो, हे इथे पुन्हा आठवायचं. ती कुठल्या पत्त्यावरून वाचली जाते म्हणजे कुणाचा शब्द न विचारता पाळला जातो. म्हणून स्वतःच्या घरातली फाइल निमूट चालते आणि पाहुण्याच्या घरातली आधी विचारते.

२०२३ साली आलेल्या एकोणतिसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्सला सुरू करतानाच सांगता येतं की माझी कॉन्फिग अमुक फोल्डरमध्ये आहे. कुठलाही फोल्डर चालतो. पत्त्यांचा वाद खरं तर तिथेच संपायला हवा होता. मी तरीही डॉट-कॉन्फिगच ठेवलं आहे, कारण दुसऱ्या कुणाला माझ्या मशीनवर काही शोधायची वेळ आली तर तो आधी तिथेच बघेल.

एका बाबतीत मात्र मी नियम मोडला आहे. खासगी शब्दकोश आणि लघुरूपांची फाइल, दोन्ही मी कॉन्फिगच्याच गिटमध्ये ठेवली आहेत, आणि मूळ जागी त्यांचे दुवे. जाणकारांना हे पटणार नाही: प्रोग्राम ज्यात लिहितो अशी फाइल हातानं लिहिलेल्या फाइलींशेजारी ठेवू नये, नोंदींचा नुसता कचरा होतो. होतो खरा. माझ्या गिटच्या इतिहासात मागच्या महिन्यात बावीस नोंदी आहेत आणि त्यातल्या एकोणीस प्रत्येकी एका शब्दाच्या आहेत. त्या शब्दकोशाची एक प्रत मी गावाकडच्या मावसभावाला पाठवते. तो ईमॅक्स वापरत नाही. पण यादी वाचतो, आणि राहिलेले शब्द फोनवर सांगतो.